हाडगिळ्याची कैवारीण



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा आम्ही ठेकेदारी पद्धतीवर किंवा किमान वेतनावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. आज मात्र आम्ही एका प्राणिशास्त्रज्ञ बाईंविषयी आणि एका कुरूप पक्ष्याविषयी बोलणार आहोत. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयाच्या बाकावर आणि सफाई कामगारांच्या द्वारसभांत झाले. तेव्हा शास्त्राची बारीक चर्चा आमच्याकडून व्हावयाची नाही. पण माणसे कशी जोडावीत, हा आमच्या रोजच्या कामातला प्रश्न आहे, आणि ह्या बाईंची हकीकत मुळात त्याच प्रश्नाची आहे.

बाईंचे नाव पूर्णिमादेवी बर्मन. राहणार आसामच्या. आणि पक्ष्याचे नाव हरगिला. हाड आणि गिळणे हे दोन्ही शब्द आपल्याही भाषेतले; तेव्हा आपण त्याला खुशाल हाडगिळ्या म्हणावे. करकोच्याच्या कुळातला हा पक्षी उभा राहिला म्हणजे पाच फूट भरतो, आणि पंख पसरले की आठ फुटांपर्यंत जातात. डोके जवळजवळ टकले, चोच पाचरीसारखी, गळ्याखाली लोंबती पिशवी. मेलेले जनावर, हाडके, मासे, बेडूक, जे मिळेल ते तो खातो. त्याची ताठ चाल पाहून इंग्रजांनी त्याला ‘ॲडज्युटंट’ हा लष्करी हुद्दा देऊन टाकला.

एके काळी ह्या पक्ष्याला मान होता. एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात तो घरांच्या गच्च्यांवर रांगेने उभा असे आणि शहराची घाण साफ करी. कलकत्ता महापालिकेच्या जुन्या मानचिन्हावर ह्याच पक्ष्यांची जोडी होती. पुढे शहराची व्यवस्था बदलली, घरटी बांधावयाची मोठी झाडे तुटली, पाणथळ जागा बुजल्या, आणि मानचिन्हावरचा पक्षी कलकत्त्यातून नाहीसा झाला. जगात त्याची वस्ती उरली ती मुख्यतः आसामात, थोडी बिहारात भागलपूरकडे आणि थोडी कंबोडियात. काही वर्षांपूर्वीपर्यंत साऱ्या जगात मिळून हे पक्षी सुमारे १,२०० उरले असावेत, असा अंदाज होता.

पूर्णिमाबाई पाच वर्षांच्या असताना त्यांना ब्रह्मपुत्रेच्या काठी आजीकडे ठेवण्यात आले. आईवडिलांपासून तुटलेले पोर रडू लागले. आजी शेतकरीण होती. तिने नातीला भाताच्या खाचरांत आणि पाणथळीत नेऊन बगळे, करकोचे दाखविले आणि त्यांच्यासाठी गाणी म्हणावयास शिकविले. पुढे बाईंनी प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केली आणि डॉक्टरेटसाठी हरगिला हाच विषय घेतला. येथवरची हकीकत एखाद्या हुशार विद्यार्थिनीची आहे.

२००७ साली कामरूप जिल्ह्यातल्या दादरा गावी घडले ते निराळे. अंगणात हरगिलाची घरटी असलेले झाड मालकाने तोडले. पिल्लांसकट घरटी खाली आली. बाईंनी जाब विचारला, तेव्हा मालक रागावला, गाव गोळा झाला, आणि लोक त्यांची थट्टा करू लागले. हा पक्षी त्यांच्या दृष्टीने अपशकुनी, रोगराई आणणारा. अंगणात हाडे आणि सडके मांस पाडणारा, विष्ठेच्या वासाने जेवण नकोसे करणारा. बाईंच्या घरी त्या वेळी जुळ्या तान्ह्या मुली होत्या. खाली पडलेली पिल्ले पाहून कोणत्याही आईला जे वाटेल ते त्यांना वाटले.

येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. संघटनेच्या कामास लागलो तेव्हा आम्ही पंचविशीत होतो, आणि कायद्याची पुस्तके नुकतीच पाठ केली होती. एका पहाटे हजेरीच्या ठिकाणी आम्ही सफाई कामगारांना अर्धा तास बोल लावले. तुम्ही भित्रे आहात, तुम्हांला हक्क समजत नाहीत, असे पुष्कळ बोललो. सगळे ऐकून घेतल्यावर एक म्हातारा झाडूवाला म्हणाला, “भाऊ, तुमचं समदं बरोबर. पण उद्या मुकादमानं माझा खाडा मांडला, तर माझ्या घरची चूल तुम्ही पेटवणार का?” आम्हांजवळ उत्तर नव्हते. सभासदाची एकही पावती त्या दिवशी फाटली नाही.

त्या झाडाच्या मालकाचा प्रश्न मुळात हाच होता. पक्षी जगाचा, कौतुक शास्त्रज्ञांचे, आणि घाण मात्र माझ्या अंगणात! झाड त्याचे, जमीन त्याची. जगाच्या ठेव्याचा सारा खर्च त्या एका घराने, म्हणजे त्या घरातल्या झाडलोट करणाऱ्या बाईने, का सोसावा? पूर्णिमाबाईंचा मोठेपणा आम्हांस येथे दिसतो. त्यांनी मालकाला अडाणी ठरविले नाही. त्यांनी आपला प्रबंध बाजूस ठेवला आणि त्या गावांत जाऊन बसल्या. जी पदवी थोड्या वर्षांत हाती आली असती, ती २०१९ साली आली.

गावात त्यांनी काय केले? प्रथम पक्ष्याचे नावही फारसे काढले नाही. बायकांसाठी रांधण्याच्या स्पर्धा भरविल्या. बायका जमू लागल्या, मग हरगिलाची गोष्ट निघू लागली. आपल्याकडे जसे डोहाळजेवण, तसा आसामात गर्भवतीचा पंचामृताचा समारंभ असतो. विणीच्या दिवसांत तोच समारंभ ह्या पक्ष्यासाठी होऊ लागला. जो पक्षी अपशकुनी होता, तो माहेरपणाला आलेल्या लेकीसारखा झाला. झाडांच्या मालकांना सभेत बोलावून त्यांचा सत्कार झाला. घरट्यांखाली जाळी बांधण्यात आली, म्हणजे पडलेले पिल्लू जमिनीवर न आपटता वाचावे.

परंतु सत्काराने पोट भरत नाही, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असेल? ते बाईंनीही ओळखले होते. म्हणून गावातल्या बायकांना शिवणयंत्रे आणि हातमाग मिळवून दिले. त्यांनी गमछांवर आणि मेखला-चादरींवर हरगिलाची नक्षी विणली आणि ते कापड विकू लागल्या. घाण काढणाऱ्या हाताला त्याच पक्ष्याच्या नावाने चार पैसे मिळू लागले. ह्या बायकांची ‘हरगिला सेना’ झाली, आणि तिच्यात आज १०,००० हून अधिक बायका आहेत.

फळ काय आले, ते आकड्यांत सांगतो. दादरा, पचरिया आणि सिंगीमारी ह्या गावांत मिळून पूर्वी २८ घरटी होती. २०२२ पर्यंत ती २५० वर गेली. २०२३ साली निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाने हरगिलाला ‘धोक्यात आलेला’ ह्या वर्गातून काढून ‘धोक्याच्या जवळ’ ह्या सौम्य वर्गात ठेवले. बाईंना २०१७ साली इंग्लंडचा व्हिटली पुरस्कार आणि आपल्या सरकारचा नारीशक्ती पुरस्कार, २०२२ साली संयुक्त राष्ट्रसंघाचा पर्यावरणविषयक सन्मान, आणि २०२४ साली व्हिटलीचे सुवर्णपारितोषिक मिळाले. पारितोषिके मोठी खरी, पण आम्ही २८ आणि २५० ह्या दोन आकड्यांना अधिक मान देतो. त्यांतले प्रत्येक घरटे म्हणजे कोणीतरी न तोडलेले झाड आहे.

आमच्या चळवळीतले काही मित्र विचारतील, माणसे उपाशी असताना पक्ष्यांचे कसले कौतुक? एके काळी आम्हीही असेच विचारीत होतो. आणि तो प्रश्न अगदीच पोकळ नाही. जंगल राखण्याच्या नावाने गरिबांना उठवून लावल्याची उदाहरणे ह्या देशात आहेत. म्हणूनच ही हकीकत महत्त्वाची वाटते. येथे कोणास उठविले नाही. उलट ज्यांच्यावर भार होता, त्यांनाच कामाचे धनी केले. गुवाहाटीजवळच्या बोरागावच्या कचऱ्याच्या ढिगावर अनेक वर्षे हरगिला आणि कचरा वेचणारी माणसे शेजारी शेजारी उभी राहून पोट भरीत. दिपोर बीलसारखी पाणथळ राखली गेली, तर पक्ष्याला तेथे उभे राहावे लागणार नाही. पण माणसाचे काय? पक्ष्याची आणि माणसाची तुलना आम्ही करीत नाही. आम्ही बोलतो ते समाजाच्या नजरेविषयी. जो आपली घाण निस्तरतो, त्यालाच घाणेरडे म्हणावयाचे, ही आपली जुनी खोड आहे. आसामातल्या बायकांनी एका पक्ष्यापुरती ती मोडली.

उद्या सकाळी आपल्या दारी घंटागाडी येईल. तिच्यावरच्या माणसाला हातमोजे आहेत की नाहीत, कचऱ्यात फुटकी काच आपण कागदात गुंडाळून टाकली की नाही, एवढे जरी आपण पाहिले, तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे आम्ही समजू. आणि कोणास एखादे झाड, एखादा ओढा किंवा एखादा पक्षी वाचवावयाचा असेल, तर त्याने आमच्यासारखी पहिल्याच दिवशी सभा झोडू नये. ज्याच्या अंगणात ते झाड आहे, त्याच्या ओसरीवर आधी जाऊन बसावे, आणि त्याचे काय जाते ते विचारावे.