पूर्वपक्ष मांडणारी माणसं
(रेडिओवरील भाषण)



सोलापुरात आमच्या भवानी पेठेत मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे आवाज चढवावाच लागतो. चहाच्या टपरीवर मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत देवाधर्माचा वाद रंगला की आवाज आणखी चढतो. आज ज्या वादांविषयी बोलायचं आहे, ते मात्र कागदावर झाले, म्हणून टिकले. विषय आहे ख्रिस्ती मंडनाचा, म्हणजे श्रद्धेवरच्या आक्षेपांना युक्तिवादाने उत्तर देण्याच्या परंपरेचा.

ही परंपरा दुसऱ्या शतकापासूनची. जस्टिन या तत्त्वज्ञाने रोमन बादशहालाच उद्देशून ख्रिस्ती लोकांची कैफियत लिहिली. त्याच शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक पंडिताने ख्रिस्ती मतावर घणाघाती ग्रंथ लिहिला आणि पुढच्या शतकात ऑरिजेनने त्याला आठ भागांत उत्तर दिलं. सेल्ससचा ग्रंथ काळाच्या ओघात नाहीसा झाला. आज तो कळतो, तो ऑरिजेनने खोडून काढण्यासाठी उतरवून घेतलेल्या उताऱ्यांतून! तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस तर प्रत्येक प्रश्नाला आधी विरुद्ध बाजूचे आक्षेप मांडतो आणि मगच स्वतःचं मत देतो. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष ही रीत आपल्या शास्त्रीमंडळींच्या अंगवळणी पडलेलीच होती.

म्हणूनच 1829 साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले, तेव्हा त्यांना तोडीस तोड माणसं भेटली. मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिली. 1832 मध्ये विल्सननी तिला इंग्रजीत उत्तर छापलं. पुस्तकाचं नाव बोचरं, भाषाही बोचरी. पण सुरुवातीला त्यांनी मोरभटांच्या पुस्तिकेचं भाषांतर जोडलं. पुढे 1857 साली विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर लोकांसमोर वाद घालत होते. त्या वादाचंही पुस्तक झालं. छापखाना, पैसा आणि राज्यकर्त्यांशी जवळीक मिशनऱ्यांकडे होती, हे विसरून चालणार नाही. सामना बरोबरीचा नव्हता. तरीही समोरच्याचं म्हणणं छापावं लागलं, कारण ते टाळलं असतं तर उत्तराला वजनच राहिलं नसतं.

या सगळ्यांत मला सर्वांत मोठे वाटतात ते नीळकंठशास्त्री गोरे. जन्म 1825 चा, घराणं कोकणस्थ, वाढले काशीत. 1839 मध्ये कंपनी सरकारचे अधिकारी जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात गुरू-शिष्याच्या संवादातून ख्रिस्ती मत श्रेष्ठ ठरवलं होतं. सीहोरचे ज्योतिषी सुबाजी बापू यांनी सोमनाथ या नावाने त्याला उत्तर दिलं. मग गोऱ्यांनी वयाच्या विशीत ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. पूर्वजन्म नाकारला, तर एक जीव जन्मतः सुखात आणि दुसरा दुःखात का? मग ईश्वरावर पक्षपाताचा दोष येत नाही का? असे त्यांचे सवाल. तर्काने शास्त्राची परीक्षा करू नये, शास्त्राने तर्काला वाट दाखवावी, ही त्यांची बैठक.

आणि 1848 साली याच गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव झालं नेहेम्या. 1860 मध्ये त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून सहा दर्शनांची चिकित्सा केली. पुढे पुण्या-मुंबईत ब्राह्मो आणि प्रार्थनासमाजी विचारांच्या लोकांपुढे व्याख्यानं दिली. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावरही त्यांचा प्रभाव पडला. 1895 साली मुंबईत ते निवर्तले. एकाच माणसाने दोन्ही पक्ष इतक्या तयारीने लढवल्याचं दुसरं उदाहरण आपल्याकडे सापडणं कठीण. ज्या दर्शनांचं खंडन केलं, ती त्यांनी शत्रूची छावणी म्हणून पाहिलेली नव्हती. त्यांत ते राहिले होते.

त्यांच्याच काळात मराठीत मंडनाची तऱ्हा बदलत गेली. बेळगावचे बाबा पदमनजी यांनी 1857 मध्येच ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचं दुःख कथेतून मांडलं होतं. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक अभंगाकडे आणि कीर्तनाकडे वळले. नगरला 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ काढणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरात शाळा चालवल्या, आणि इथल्या पुष्कळांना ख्रिस्ती विचाराची पहिली ओळख झाली ती शाळेतूनच. तिकडे इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सी. एस. लुईस यांनी तर रेडिओवरूनच मंडन केलं. गोऱ्यांसारखे तेही आधी दुसऱ्या बाजूला होते, नास्तिक होते.

ख्रिस्ती असा, हिंदू असा, मुसलमान असा, की काहीच न मानणारे असा, गोऱ्यांचे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचून पाहा. कोणते गोरे बरोबर, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर, पहिल्या गोऱ्यांचा पक्षपाताचा सवाल अजून पुरता सुटलेला नाही, आणि दुसऱ्या गोऱ्यांना तो टाळून पुढे जाता आलं नाही, यातच त्यांचा प्रामाणिकपणा आहे.