न लिहिलेल्या नियमांची वही

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. २७ वर्षे बेस्टच्या बसचे स्टेअरिंग धरले, माईक कधी धरला नाही. पण कार्यकारिणीतली मुले म्हणाली, "काका, तुमच्या पोराने लायसन कसे काढले ते सांगा, चार घरांना उपयोग होईल." म्हणून उभा राहिलो.

माझ्या मुलाला तुम्ही लहानपणापासून ओळखता. तो कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही, विचारल्याशिवाय बोलत नाही, लाऊडस्पीकर सुरू झाला की कानावर हात ठेवतो. कुणी त्याला हट्टी म्हटले, कुणी मुका म्हटले, काहींनी त्याहून वाईट म्हटले. नऊ वर्षांचा असताना डॉक्टरांनी सांगितले की ही स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. हा ताप-खोकल्यासारखा बरा होणारा आजार नाही. मेंदूची जन्मापासूनची घडणच वेगळी असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे, त्यात स्वमग्नतेचे नाव आहे.

अठरा पूर्ण झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, मला गाडी शिकायची आहे." मी तीन वर्षे टाळले. भीती होतीच, पण खरे सांगायचे तर लाजही होती. बेस्टच्या ड्रायव्हरचा मुलगा रस्त्यात गाडी बंद पाडून बसला तर लोक काय म्हणतील, हा विचार माझ्या मनात होता. आज सर्वांसमोर तो कबूल करतो.

शेवटी एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घातले. तिथे शिकवणारे म्हणायचे, "थोडं डावीकडे घे. अरे दाब, दाब!" थोडे म्हणजे किती? काय दाबायचे, क्लच की ब्रेक? वरून आरडाओरडा. आठव्या दिवशी मला सांगितले, "काका, याला नाही जमणार." त्या रात्री पोरगा जेवला नाही. सकाळी मला म्हणाला, "बाबा, मला गाडी जमते. त्यांचं बोलणं कळत नाही." हे वाक्य माझ्या मनाला लागले.

मग मेहुण्याची जुनी वॅगन-आर घेतली, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावला आणि रविवारी पहाटे कन्नमवार नगरच्या आतल्या रस्त्यांवर सुरुवात केली. शिकाऊ लायसन सहा महिने चालते आणि त्यावर गाडी चालवताना शेजारी पक्के लायसनवाला माणूस बसावा लागतो. तो मी. एका दिवशी एकच गोष्ट शिकवायची असे ठरवले. पहिला रविवार फक्त क्लच. 'थोडं' हा शब्द बंद, "स्टेअरिंग पाव फेरी डावीकडे" असे मापात बोलायचे. रोज तेच शब्द वापरायचे. ओरडायचे नाही. हॉर्नच्या आवाजाने तो गांगरला की गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटे गप्प बसायचे.

पुस्तकातले नियम त्याला माझ्यापेक्षा चांगले पाठ होते. पिवळा दिवा लागला की तो थांबायचा. मागून हॉर्नचा नुसता मारा. मी म्हणायचो, "काढ रे!" तो म्हणायचा, "बाबा, पिवळा म्हणजे थांबा." आता याला उत्तर काय देणार? चूक माझी होती.

पण आपला रस्ता पुस्तकावर चालत नाही. एल.बी.एस. मार्गावर घाटकोपरला जाऊन बघा. माणूस तळहात दाखवतो आणि गाड्यांच्या मधून चालू लागतो. रिक्षावाला पाय बाहेर काढून वळतो. बसवाला नजरेने सांगतो, तू जा. हे तुम्हा-आम्हाला न शिकवता कळते. त्याला कळत नाही. म्हणून आम्ही एक वही केली. घरी आल्यावर त्या दिवशी जे कळले नाही ते त्यात लिहायचे, आणि पुढे करायचे काय तेही लिहायचे. 'थांबलेल्या बसच्या पुढून माणूस येणारच असे समजावे.' 'कुणी हाताने जा म्हटले तरी रस्ता स्वतः बघितल्याशिवाय जाऊ नये.' असे ४१ नियम झाले. २७ वर्षे मी जे रोज करत होतो ते मला पहिल्यांदा शब्दांत सांगावे लागले.

पुढे पुतणीने मला एक माहिती वाचून दाखवली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातील संशोधकांनी न्यू जर्सी राज्यातील नोंदी तपासल्या. बुद्धीने अधू नसलेल्या स्वमग्न मुलांपैकी साधारण तिघांत एकाने एकविशीपर्यंत लायसन काढले होते. २०२१ साली त्यांनी असे मांडले की या नव्या चालकांचे अपघात इतरांपेक्षा जास्त नाहीत, आणि वेगामुळे होणारे अपघात तर कमीच. मात्र दुसऱ्याला आधी जाऊ देण्यात आणि डाव्या वळणावर ते जास्त चुकतात. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे त्यांचे डावे वळण ते आपले उजवे. आमची वही उघडून पाहिली, तर सर्वात जास्त नियम उजव्या वळणाचेच निघाले!

आता फॉर्मचे सांगतो. आपल्या मुलुंड-घाटकोपर भागाचे आर.टी.ओ. वडाळ्याला, नंबर एम.एच. ०३. पश्चिमेला अंधेरीचा ०२ आणि बोरिवलीचा ४७. लायसनच्या अर्जासोबत प्रकृतीचे घोषणापत्र भरावे लागते. त्यात फीट येते का, नजर कशी आहे, हातपाय नीट चालतात का असे प्रश्न असतात. शेवटी विचारतात, लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार किंवा अपंगत्व आहे का? एक ओळखीचा माणूस म्हणाला, "कशाला डॉक्टरकडे जाता? गप्प राहा." पोरगा म्हणाला, "आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांना विचारू." डॉक्टरांनी तपासून लेखी मत दिले की याच्या गाडी चालवण्याने धोका नाही. मंडळी, कायदा धोका आहे का ते विचारतो, नुसत्या नावावरून दार बंद करत नाही. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयानेही कर्णबधिरांच्या बाबतीत सांगितले की चाचणी पास होणाऱ्याला लायसन नाकारू नये. पण लपवू नका. डॉक्टर नाही म्हणाले तर तेही ऐका.

पहिल्या चाचणीत तो नापास झाला. नवी जागा, अनोळखी माणसे, गाडी बंद पडली. दुसऱ्या वेळी आदल्या दिवशी जाऊन जागा बघून आलो, रांग कुठे लागते तेसुद्धा वहीत लिहिले. पास झाला.

आज तो शनिवारी आईला ऐरोलीला मावशीकडे नेतो. रात्री आणि मोठ्या पावसात चालवत नाही. हे त्याने स्वतः ठरवले आहे. आपल्याच वस्तीत असाच आणखी एक मुलगा आहे. त्याने गाडी शिकायची नाही असे ठरवले. तो एकटा लोकलने कामावर जातो. त्याचेही मोल तितकेच. प्रत्येकाने गाडी चालवावी असे माझे म्हणणे नाही. पण त्याचा निर्णय आपल्या लाजेने होऊ नये.

तुमच्या घरात असे मूल असेल तर अठराव्या वर्षाची वाट बघू नका. रस्ता ओलांडणे, सायकल, बसमध्ये तिकीट काढणे, इथूनच वही सुरू करा. आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना एकच विनंती, पुढे 'एल' लावलेली गाडी थांबली तर हॉर्न वाजवू नका. आत माझ्यासारखा एखादा बाप शेजारी बसलेला असेल.