यूविना क्यू



शाळेत इंग्रजीच्या मास्तरांनी आपल्याकडून एक नियम घोकून घेतला होता. क्यू कधी एकटा येत नाही, त्याच्या पाठोपाठ यू येतोच. क्वीन, क्वेश्चन, क्विक. अगदी विठोबा-रखुमाईची जोडी! पण पंढरपूरला गेलेल्यांना ठाऊक असतं, की रखुमाईचं देऊळ वेगळं आहे. इंग्रजी कोशातही काही शब्दांत हा क्यू असाच यूवाचून उभा आहे. आज बोलायचंय ते त्या शब्दांबद्दल.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती स्क्रॅबल खेळताना. या खेळात १०० सोंगट्या असतात. क्यू एकच, त्याचे गुण १०, आणि यू अवघे ४. ते चारही पटावर जाऊन बसले, की हातातला क्यू म्हणजे गळ्यातली धोंड. एका सुट्टीत ती धोंड भाचीच्या गळ्यात आहे, हे मी ओळखलं आणि मनातल्या मनात हसलो. तिनं शांतपणे क्यू ठेवला, शेजारी आय ठेवला आणि म्हणाली, “ची.”

“हा कुठला शब्द?”

“मामा, कोशात बघ.”

बघितलं. चिनी विचारात शरीरात आणि विश्वात खेळणारी जी जीवनशक्ती मानतात, ती ही ‘ची’. आपल्या ‘प्राणा’च्या जवळची. मी हरलो, पण तो कोश काही मिटला नाही.

आधी नियमाचं मूळ पाहू. फिनिशियन लिपीत एक अक्षर होतं, कोफ. त्याचा उच्चार आपल्या ‘क’पेक्षा खोल, पडजिभेपाशी. ग्रीकांच्या बोलण्यात तो आवाजच नव्हता. त्यांनी अक्षर घेतलं खरं, पण पुढे ते लेखनातून गळलं आणि ९० या आकड्याची खूण म्हणून तेवढं उरलं. रोमनांनी त्याला यूच्या सोबतीला बांधलं. जुन्या इंग्रजीला या जोडीची गरज नव्हती. राणीसाठीचा शब्द तेव्हा सी आणि डब्ल्यूनं लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी राणीच्या माथी क्यू-यू लावला. म्हणजे मास्तरांचा तो अटळ नियम कारकुनांची सवय होती!

मग यूविना क्यू आला कुठून? जिथे ही सवय पोचलीच नाही, त्या मुलखांतून.

येमेनमध्ये आणि आफ्रिकेच्या पूर्व टोकाला दुपारी मंडळी गप्पांच्या बैठकीत एका झुडपाची कोवळी पानं गालात धरून चघळतात. तरतरी येते. तो ‘कात’. आपल्या विड्यातला कात वेगळा, बरं का! उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट भाषेतून ‘किव्हिउत’ आला. कस्तुरी-बैलाच्या राठ केसांखाली जी मऊ, अतिशय उबदार लोकर असते, ती ही. यात यू आहे, पण क्यूपासून तीन घरं सोडून. अल्बेनियाचं नाणं ‘किंतार’, अझरबैजानचं ‘गेपिक’. दोन्ही आपापल्या चलनाचा शंभरावा भाग, म्हणजे तिथले पैसेच. आता कानानं ऐका. चिनी क्यू ‘च’कडे झुकतो, अझरबैजानी ‘ग’ होतो, अरबी पडजिभेपाशी उतरतो. अक्षर एक, आवाज तीन. हिब्रू लिपीतलं ‘कोफ’ हे अक्षराचं नावही कोशात आहे. क्यूचं घराणंच ते!

यातला एक शब्द मात्र आपल्या घरचा पाहुणा आहे. ‘कनात’. तंबूची नव्हे, पाण्याची. इराणच्या कोरड्या मुलखात डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत एक विहीर खणतात. तिथून गावापर्यंत जमिनीखालून बोगदा काढतात, त्याला अगदी बेताचा उतार देतात. माती उपसायला आणि हवा खेळायला मध्ये मध्ये उभी भोकं. ना मोट, ना रहाट. पाणी आपल्या वजनानं वाहतं आणि जमिनीखाली असल्यामुळे उन्हानं फारसं उडून जात नाही. इराणमधल्या अशा ११ कनाती २०१६ साली जागतिक वारसा ठरल्या. हीच विद्या मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वापरली. त्याची नहर-ए-अंबरी ती हीच. शब्द इंग्रजी कोशात पोचला, पाणी आपल्या मराठवाड्यात.

आता मुद्द्यावर येतो. कव्वाली, फकीर, बुरखा, तलाक हे शब्द इंग्रजीनं घेतले, तेव्हा त्यांतला मूळ खोल आवाज दाखवायला क्यू ठेवला. उच्चार मात्र साध्या ‘क’चा. आपण काय केलं? ज्यांत त्याच खोल आवाजाचं अरबी अक्षर आहे, असे किती शब्द आपल्याकडे आले! कायदा, कलम, कर्ज, किंमत, किल्ला, हक्क, बाकी, तालुका, मुक्काम. सगळ्यांना आपण आपला साधा ‘क’ दिला, आणि ते मराठी झाले. ‘कुफ्ल’चं तर जिभेवर उलटंपालटं होऊन ‘कुलूप’ झालं. इंग्रजीनं पाहुण्याच्या अंगावरचा परका अंगरखा तसाच राहू दिला. त्यामुळे त्याचं गाव कळतं, पण तो ओसरीवरच बसून राहतो. आपण त्याला घरचे कपडे दिले. तो माजघरात आला, पण त्याचं गाव आपण विसरलो. दोन्हींत थोडं मिळालं, थोडं गेलं.

म्हणून भाषेच्या शुद्धतेवरून वाद घालायला निघालेल्या माणसाला मी एवढंच सुचवतो, की घराला कुलूप लावून नीघ. वाद घालायला लागणारा ‘हक्क’ आणि ‘कायदा’ तर तुझ्याजवळ आहेतच.

आता घड्याळाकडे पाहून माझाही इथला मुक्काम हलवतो.