पृथ्वी सोडून निघालेले कण



वातावरणाच्या वरच्या थरांत सूर्याच्या अतिनील किरणांमुळे अणूंतील इलेक्ट्रॉन सुटतात आणि आयन निर्माण होतात. ध्रुवप्रदेशांवर हायड्रोजन, हेलियम व ऑक्सिजन यांचे काही आयन चुंबकीय बलरेषांच्या वाटेने वर जातात आणि पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूस पसरलेल्या चुंबकीय शेपटीत पोहोचतात. त्यांपैकी काही कायमचे अवकाशात निघून जातात; काही मात्र ऊर्जा मिळवून परततात आणि पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहात सामील होतात. चुंबकीय वादळात हा प्रवाह बळावला की जमिनीवरील चुंबकीय क्षेत्र किंचित क्षीण होते.

नेपियर टाउनमध्ये ही घट कोणाला जाणवत नाही. वेधशाळेतील चुंबकसूचीला ती कळते. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने विलक्षण घट नोंदवली. पुढे विजेच्या ट्रामचा व्यत्यय टाळण्यासाठी डॉ. नानाभाय मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या गेल्या, म्हणूनच ती मालिका तुटली नाही. आजचे संशोधक १८५९ च्या वादळाचे मोजमाप त्याच नोंदींवरून करतात. रोजची नोंद चोख ठेवण्याची ही शिस्त आपल्या मुलांच्या अंगी बाणावी, हीच सदिच्छा.