नावांची वही कोणाच्या हाती?



आपण मोबाइलवर एखाद्या साइटचे नाव लिहितो आणि ती समोर येते. पण यंत्राला नाव कळत नाही, बरे का. त्याला आकडा कळतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक लांबलचक क्रमांक असतो. मग नावावरून क्रमांक शोधून कोण देतो? त्यासाठी नावांची एक मोठी वही आहे. आज आम्ही त्या वहीविषयी सांगणार आहोत. ती कोणी ठेवायची यावरून पुष्कळ भांडणे झाली, आणि काही लोकांनी आपली निराळी वहीही काढून पाहिली.

सुरुवातीला ही वही अगदी लहान होती. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी, एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर नावाच्या बाई आणि त्यांचे सोबती ती ठेवीत. नवे यंत्र जोडले की तिथे कळवायचे. ते नाव यादीत चढे, आणि बाकीचे सगळे ती यादी उतरवून घेत. यंत्रे वाढली, तसे हे काम एका यादीला झेपेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी तोड काढली.

ही तोड आपल्या पत्त्यासारखीच आहे. नुसते वडगाव म्हटले तर कुठले वडगाव? महाराष्ट्रात वडगावे कितीतरी. म्हणून आपण तालुका सांगतो, जिल्हा सांगतो. जवळजवळ दोन असली तर एक बुद्रुक आणि एक खुर्द. इंटरनेटच्या नावाचेही असेच तुकडे असतात. मध्ये टिंब असते, त्याला डॉट म्हणतात. शेवटचा तुकडा म्हणजे जिल्हा समजा. डॉट कॉम, डॉट ओआरजी, आपल्या भारताचा डॉट इन. प्रत्येक जिल्ह्याने आपापली वही ठेवायची. सर्वांच्या वर एक छोटी वही. कोणते जिल्हे आहेत आणि त्यांच्या वह्या कुठे आहेत, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. तिला रूट म्हणतात. रूट म्हणजे मूळ. तिच्या नकला जगभर दीड हजाराहून अधिक ठिकाणी आहेत. मुंबईतही आहेत. पण मजकूर सगळीकडे एकच.

या वरच्या वहीत ज्या जिल्ह्याचे नाव नाही, तो जिल्हा यंत्राच्या लेखी नाहीच. म्हणून ती कोणाच्या हाती आहे याला महत्त्व.

पुष्कळ वर्षे जॉन पोस्टेल नावाचे एक दाढीवाले गृहस्थ ती सांभाळीत. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. १९९८ च्या ऑक्टोबरात ते वारले. त्याच साली कॅलिफोर्नियात आयकॅन नावाची संस्था निघाली आणि काम तिच्याकडे गेले. पण वहीवर नजर अमेरिकेच्या सरकारची राहिली. ती देखरेख १ ऑक्टोबर २०१६ पासून उठली.

लोकांच्या तक्रारी काय होत्या? एक पैशाची. डॉट कॉमचे नाव आधी फुकट मिळे. १९९५ पासून त्याला दोन वर्षांचे १०० डॉलर पडू लागले. शेवटचे तुकडेही मोजकेच होते, आणि नवा तुकडा कोणाला मिळावा हे थोडी माणसे ठरवीत. आणखी एक गोष्ट तर आपल्याशीच संबंधित. शेवटचा तुकडा इंग्रजी अक्षरांतच लिहावा लागे. अरबी, रशियन अशा दुसऱ्या लिप्यांना तिथे प्रथम जागा मिळाली ती २०१० साली. आपल्या देवनागरीतले ‘डॉट भारत’ लोकांसाठी खुले झाले २०१४ मध्ये. वही सुरू होऊन तोवर तीस वर्षे उलटली होती.

तेव्हा काही जण म्हणाले, आपण आपली वही काढू. अमेरिकेतल्या यूजीन काशपुरेफ यांनी अल्टरनिक नावाची वही काढली. इथवर ठीक होते. पण जुलै १९९७ मध्ये त्यांनी भलतेच केले. इंटरनिक ही तेव्हाची अधिकृत नोंदणी कचेरी. तिचे नाव लिहिणारा माणूस अल्टरनिकच्या पानावर जाऊन पोचेल, अशी त्यांनी युक्ती केली. पुढे त्यांना अटक झाली, आणि १९९८ साली त्यांनी गुन्हा कबूल केला. राग खरा असेल. पण दुसऱ्याच्या घरी निघालेला पाहुणा आपल्या घरी ओढून आणणे आम्हांला पटत नाही.

२००० साली ओपननिक नावाची मंडळी निघाली. यांची रीत निराळी. इथे मालक नाही. सभासद कोणालाही होता येते, आणि प्रत्येकाला मत. नवा जिल्हा हवा असेल तर कोणीतरी पुढे यायचे. त्याची वही मी सांभाळीन म्हणायचे. नियम लिहून द्यायचे. मग चर्चा, मग मतदान. डॉट गीक, डॉट इंडी अशी नावे त्यांनी काढली. गीक म्हणजे यंत्रवेडा! यंत्रे सभासदांची, खर्चही त्यांचाच. नावे बहुतेक फुकट. शिवाय अधिकृत वहीतली नावे त्यांनी टाकून दिली नाहीत. त्यांच्या वहीला विचारणाऱ्याला डॉट कॉम सापडते, डॉट इनही सापडते, आणि वर हे थोडे आणखी.

आता अडचण ऐका. तुम्ही डॉट गीकमध्ये नाव घेतले. तुमचे यंत्र ओपननिकला विचारते, म्हणून तुम्हांला ते दिसते. तुमच्या मेहुण्याचा मोबाइल मात्र त्याच्या कंपनीला विचारतो. तिथे डॉट गीक नाहीच. तो म्हणणार, “दाजी, असं काही सापडत नाही हो!” नाव तुमचे खरे, पण हाक मारली तर ऐकणारे थोडे.

याहून वाईट म्हणजे एकाच नावाचे दोन जिल्हे होणे. तसेही झाले. अटलांटिक रूट नावाच्या एका छोट्या मंडळीने आपल्या निराळ्या वहीत डॉट बिझ चालविला होता. लोकांनी त्यात नावे घेतली होती. नोव्हेंबर २००० मध्ये आयकॅनने तेच डॉट बिझ दुसऱ्यांना द्यायचे ठरविले. अटलांटिक रूटच्या लिआ गॅलेगोस यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे गाऱ्हाणे मांडले. उपयोग झाला नाही. आयकॅनचे डॉट बिझ त्याच वर्षी सुरू झाले, आणि सगळे जग तेच ओळखू लागले. आमच्या मते आधी वसलेल्यांची अशी वासलात लावणे न्यायाचे नव्हते. पण ज्या वहीला सगळे विचारतात तिचेच चालते.

लोकांच्या वहीलाही कठीण निवाडे चुकत नाहीत. २०११ साली नेमकॉइन नावाची एक वही निघाली. तिचा जिल्हा डॉट बिट. तिची एक प्रत नेमकॉइन चालविणाऱ्या प्रत्येक यंत्रावर राही. त्यामुळे कोणाचेही नाव कोणालाच खोडता येत नसे. ओपननिकनेही डॉट बिटची नावे दाखवायला सुरुवात केली. पण लोकांच्या संगणकांत घुसून चोरी करणाऱ्या टोळ्यांनीही तिथे नावे घेतली. त्यांचीही नावे खोडता येईनात. शेवटी २०१९ साली ओपननिकच्या सभासदांनी मतदान केले, आणि डॉट बिट आपल्या वहीतून काढून टाकले. चोरांबरोबर भल्या माणसांची नावेही गेली.

तुम्ही विचाराल, आमचा मोबाइल कोणत्या वहीला विचारतो? ज्या कंपनीचे सिमकार्ड, बहुधा तिच्याच यंत्राला. ते अधिकृत वही वाचते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्याला विचार असे सांगता येते. पण ज्याला विचारायचे तो कोण, हे आधी पाहावे. आपण कोणकोणती नावे विचारतो हे त्याला कळते, आणि मनात आणले तर तो खोटा क्रमांकही देऊ शकतो. ओपननिकच्या यादीत प्रत्येक यंत्रापुढे ते अशा विचारण्याची नोंद ठेवते की नाही, हे लिहिलेले असे.