पिशवीतले कागद आणि वहीतली पाने



आपल्याकडे दुखण्याचे कागद बहुधा लॅबच्या नाहीतर कापडाच्या दुकानाच्या पिशवीत राहतात. नव्या डॉक्टरांच्या टेबलावर ती पिशवी उपडी होते. सोनोग्राफीची फिल्म, तीन वर्षांपूर्वीचे रिपोर्ट, औषधांची बिले असे सगळे बाहेर पडते आणि डॉक्टर विचारतात, ‘सध्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ उत्तर येते, ‘एक पांढरी आणि एक गुलाबी.’ कागद जपणे आणि माहिती लावून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम रुग्णाच्या घरीच व्हावे लागते आणि त्यासाठी सुट्या पानांची रिंग फाईल हे आजही सर्वांत सोयीचे साधन आहे, असे मी आज मांडणार आहे.

रुग्णाच्याच घरी का, हे जपानमधल्या एका प्रकरणावरून कळते. १९९३ साली तिथे सोरिव्हुडिन हे नागिणीवरचे औषध बाजारात आले. फ्लुओरोयुरॅसिल गटातली कर्करोगाची औषधे चालू असलेल्या काही रुग्णांनाही ते दिले गेले. सोरिव्हुडिनपासून शरीरात तयार होणारा एक पदार्थ फ्लुओरोयुरॅसिलचे विघटन करणारे विकर निकामी करतो. मग ते औषध रक्तात साचत जाते आणि अस्थिमज्जा कोलमडते. थोड्याच आठवड्यांत पंधरा रुग्ण दगावले. प्रत्येक औषध आपल्या जागी योग्यच होते, पण दोन्हींची नोंद एका कागदावर नव्हती. त्या काळी तिथे कर्करोगाचे निदान रुग्णापासून लपवण्याची पद्धतही होती, तेव्हा रुग्ण सांगणार तरी काय? पुढे तिथे ‘ओकुसुरी तेचो’, म्हणजे औषधांची खिशातली वही, रुजली. २०११च्या त्सुनामीत रुग्णालयांतल्या नोंदी वाहून गेल्या, तेव्हा ज्यांच्याजवळ ही वही होती त्यांची औषधे ठरवणे सोपे गेले. तिथे औषध देणारा फार्मासिस्ट वहीत नोंद करतो. आपल्याकडे ती नोंद आपल्यालाच करावी लागणार.

मग आपल्या या सुट्या पानांच्या वहीत काय असावे? पहिल्या पानावर चालू औषधे आणि न सोसणारी औषधे. औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कोणत्या तारखेपासून आणि कशासाठी. मूळ नावाचा आग्रह अशासाठी, की आपल्या बाजारात एकाच औषधाला डझनावारी व्यापारी नावे आहेत. गावातल्या डॉक्टरांची गोळी आणि शहरातल्या तज्ज्ञांची गोळी एकच निघते आणि रुग्ण दोन्ही घेत राहतो. औषध बदलले की हे पान नव्याने लिहायचे. जुने पान तारीख घालून मागे जाते, फाडायचे नसते. दुसरे पान आकड्यांचे. क्रिएटिनिन ०.७, मग ०.९, मग १.१. प्रत्येक रिपोर्टवर आकडा मर्यादेतच असतो, त्यामुळे सुटा रिपोर्ट कोणाला खटकत नाही; एकाखाली एक लिहिल्यावर मात्र चढ दिसतो. पुढची पाने ज्याच्या त्याच्या दुखण्याप्रमाणे. दम्याच्या रुग्णाला पीक फ्लोचा, म्हणजे श्वास सोडण्याच्या वेगाचा, तक्ता लागतो, मधुमेहीला उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेचा. छापील डायरी इथेच कमी पडते. आणि एक बारीकशी गोष्ट: ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, तो काही वर्षांत फिका पडतो. त्याची झेरॉक्स काढून वहीत लावावी.

‘रुग्णालयात सगळे असतेच की!’ असे कोणी म्हणेल. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवाव्या लागतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. हा हक्क जरूर वापरावा. पण शस्त्रक्रियेला दहा वर्षे झाल्यावर कोणाकडे मागणार? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता ‘आभा’ या सरकारी डिजिटल आरोग्य-खात्याचा चौदा अंकी क्रमांक आहे, मग वही कशाला? ती योजना मला महत्त्वाची वाटते, पण तिच्यात तेवढेच दिसते, जेवढे जोडलेल्या दवाखान्याने किंवा लॅबने चढवले आहे. दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी, शेजारणीने सांगितलेला काढा, मळमळ होते म्हणून रुग्णाने स्वतःच बंद केलेले औषध यांची खबर संगणकाला कोण देणार? अशा वही-लिखाणाने माणूस चिंतातुर होतो, हा आक्षेप काहींच्या बाबतीत खराही आहे. रोज चार वेळा रक्तदाब मोजून लिहिणाऱ्याने डॉक्टरांना विचारून ते कमी करावे. नोंद वेळापत्रकाने असावी, धास्तीने नव्हे.

उरतो खासगीपणाचा प्रश्न. वही घरात कोणाच्याही हाती लागू शकते, ही कागदाची उणीव मान्य. मात्र पाने सुटी असल्याने काय बरोबर न्यायचे हे रुग्ण ठरवू शकतो. दाताच्या डॉक्टरांकडे जाताना मानसोपचाराच्या भेटींची पाने घरी राहिली तरी चालतील. औषधांचे पहिले पान मात्र पूर्ण न्यावे, मानसोपचाराच्या गोळ्यांसह. कारण दात काढण्यापूर्वी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि भुलीशी किंवा वेदनाशामकाशी कशाचे जमणार नाही, हे त्यांना त्याच पानावरून पाहायचे असते.