लकवा आणि साडेचार तास

अंगावरून वारं गेलेला माणूस महिना-दोन महिन्यांनी काठी टेकत ओट्यावर येऊन बसतो, हे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव दिसतं. श्रेय जातं झाडपाल्याला, मालिशीच्या तेलाला, किंवा ज्याच्याकडे नेलं त्याच्या हातगुणाला. माणूस सुधारला हे खरंच असतं. पण मेंदूची सूज ओसरली आणि शाबूत भागानं थोडं काम उचललं, की पहिल्या तीन ते सहा महिन्यांत बरीच सुधारणा आपसूक होते. फिजिओथेरपीच्या व्यायामानं ती वाढते. उपचाराविना किती जण सावरले असते आणि वेळेत उपचार मिळून किती, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

तो मांडता येतो. लकव्याच्या पाचांपैकी साधारण चार रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं तुंबलेली असते, उरलेल्यांत फुटलेली. वरून दोन्ही सारखेच दिसतात. सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं, आणि जितकं लवकर तितका गुण जास्त. १९९५ साली अमेरिकेत ६२४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांपैकी शंभरातले ३९ जण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झाले होते. औषध न मिळालेल्यांपैकी २६. हे २६ लक्षात ठेवा, हातगुणाची सगळी ख्याती त्यांच्यावर उभी असते! इंजेक्शनला धोका नाही असं नाही. शंभरात सहा जणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला, तरीही एकूण मृत्यू वाढले नाहीत. म्हणूनच आधी स्कॅन, मग औषध.

कुणी म्हणेल, जळगाव जामोद किंवा संग्रामपूरहून अकोला गाठायलाच दोन-अडीच तास मोडतात, मग हे जमायचं कसं? आक्षेप रास्त आहे. ही सोय तालुक्याजवळ हवी, ही मागणीही रास्तच. पण अडीच तासांचा रस्ता साडेचारांत बसतो, ‘सकाळी पाहू’ म्हणून काढलेली रात्र बसत नाही. १०८ ला फोन करतानाच लकव्याचा संशय असल्याचं सांगा आणि सीटी स्कॅन कुठे चालू आहे ते विचारा, म्हणजे एका दवाखान्यातून दुसऱ्यात अशी वणवण टळेल. दुसरा आक्षेप असा, की हात तासाभरात पुन्हा हलू लागला, आता कशाला जायचं? तर खरा मोठा झटका येण्याची भीती पुढच्या दोन-चार दिवसांतच सर्वांत जास्त असते. उशीर झाला तरीही जावंच. काही निवडक रुग्णांची गुठळी चोवीस तासांपर्यंत तारेनं काढता येते, पण ती सोय मोठ्या शहरांतच. वाटेत पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, जीभ जड झाली, की आधी घड्याळ पाहा. हे झोपेतून उठल्यावर लक्षात आलं, तर डॉक्टरांना उठल्याची वेळ सांगू नका. रात्री शेवटचं धड बोलले-चालले ती वेळ सांगा. तास तिथूनच मोजले जातात.